थांबण्याचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्यांना धावणाऱ्या गोष्टींचे मोठे वेड. घोडदौडी, आरमारे, पहिली आगगाडी, पहिले विमान, यांच्या तारखा शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. मी स्वतः चौतीस वर्षे त्या तारखा पाठ करून घेतल्या. परंतु धावणारी वस्तू थांबवायची कशी, हा प्रश्न माणसाने कसकसा सोडवला, त्याची हकीकत मात्र कोणत्याही क्रमिक पुस्तकात दिसत नाही. वास्तविक धावण्यापेक्षा थांबणे अवघड. उतारावर दगडही धावतो. त्याला त्यासाठी अक्कल लागत नाही. थांबायला मात्र अक्कल लागते, आणि ती माणसाला थोडीथोडी करून, बरीच किंमत मोजून आली आहे.

दिवाळी अंकाच्या वाचकापुढे हा विषय मांडावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. फराळाच्या ताटाशेजारी ब्रेकची गोष्ट कोण वाचील? पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण घरातल्या गाडीला हार घालतो, चाकाला कुंकू लावतो, पाडव्याच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात आणतो, आणि भाऊबिजेला त्याच गाडीवर बसून बहिणीकडे जातो. गाडी ही आता घरातलीच एक व्यक्ती झाली आहे. तेव्हा तिच्या थांबण्याची चौकशी करणे हे काही अगदीच सणाबाहेरचे काम नव्हे.

मी राहतो तो भाग डोंगराचा. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस आंबेगाव तालुका. त्यात घोड नदीवर डिंभे हे गाव. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून शिनोली, डिंभे आणि पुढे पोखरीचा घाट चढून भीमाशंकर, अशी आमची वाट. शेजारचा तालुका जुन्नर. त्यामुळे इतिहास आमच्या उंबऱ्यालाच लागलेला आहे, आणि हा थांबण्याचा इतिहासही येथूनच सुरू करता येतो.

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळचा. तेथील लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे, आणि त्यात जकातीचे नाणे पडत असे, अशी परंपरा सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने वर येई. पण ही वाट चाकाची नव्हे. दगडी पायऱ्यांची नाळ ती. तेथून जायचे ते माणसाच्या खांद्यावरून नाहीतर जनावराच्या पाठीवरून. पाठीवर गोण घेतलेला बैल उताराला आपोआप पाय रोवतो, खूर चाचपून टाकतो, आणि वाटेत काही भयंकर दिसले तर जागच्या जागी उभा राहतो. त्याचा ब्रेक त्याच्या शहाणपणातच असतो. उरलेला थोडा माणसाच्या हाती, वेसणीच्या आणि कासऱ्याच्या रूपाने.

आपली भाषा हे सारे अजून विसरलेली नाही. उधळ्या माणसाला आपण 'वेसण घालतो', जिभेला 'लगाम लावतो', फार सुटलेल्या पोराचा 'कासरा ओढतो'. हे सगळे शब्द जनावरांच्या काळचे. चाकाचे थांबणे आपल्याकडे आले ते इंग्रजी शब्द घेऊनच. 'ब्रेक' हा शब्द मराठीने असा काही आपलासा केला की आता संसाराला ब्रेक लागतो, बोलण्याला ब्रेक लागतो, आणि नोकरीत ब्रेक मिळतोसुद्धा. 'गतिरोधक' म्हणून एक शुद्ध शब्द घडवला गेला खरा. पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याच्या वाट्याला गेला. शब्द असे आपल्या इच्छेप्रमाणे थांबत नाहीत, हेच खरे.

चाक घाटात शिरले आणि खरी पंचाईत सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा बोरघाट गाड्यांना खुला झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्याआधी घाटमाथ्यापर्यंत आलेला माल उतरवून पुन्हा पाठीवर घालावा लागे. आता भरली बैलगाडी सरळ उतरू लागली. म्हणजे बैलांच्या मागून तीसचाळीस मणांचे ओझे त्यांच्या मानेवर धावून येऊ लागले. बैलाचे शहाणपण येथे अपुरे पडते, कारण ओढण्यासाठी केलेले जू ढकलणाऱ्या ओझ्याला आवरायला फारसे कामाचे नसते. मग गाडीवानांनी आपल्या परीने तोडगे काढले. चढावर दम खायला गाडी उभी केली की चाकाखाली दगडाची उटी लावायची. उतारावर गाडीमागे जड ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा, किंवा चाकाच्या धावेवर लाकडाचा ठोकळा दाबून धरायचा. सारे ब्रेकशास्त्र एवढ्यात सामावले आहे. घर्षण उत्पन्न करावयाचे आणि त्यात एक वस्तू झिजू द्यावयाची. झिजणारी वस्तू स्वस्त हवी आणि बदलता येण्याजोगी हवी. ओंडका झिजला तर दुसरा तोडता येतो. चाक झिजले तर गाडीच गेली.

हेच तत्त्व जगाच्या दुसऱ्या टोकाला एका इंग्रज गृहस्थाने ओळखले, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. इंग्लंडमधील डर्बीशायर हाही आमच्यासारखाच चढउताराचा मुलूख. तेथील शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे चामडे ठोकीत असत, म्हणजे लाकूड घसरत नसे व लवकर झिजत नसे. हर्बर्ट फ्रूड याने हे पाहिले आणि १८९७ साली बुटाच्या चामड्याहून टिकाऊ असे अस्तर बनवण्याचे प्रयोग सुरू केले. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून, त्यात एक अक्षर घालून, त्याने कारखान्याला 'फेरोडो' हे नाव दिले. जगातल्या अनेक देशांच्या मोटारींना या नावाची अस्तरे पुढे लागली. मोठ्या शोधाचे मूळ पुष्कळदा असे एखाद्या गरिबाच्या जुन्या पायताणात सापडते.

इकडे बोरघाटात तोवर आगगाडी येऊन चुकली होती. १८६३ साली घाटाचा लोहमार्ग खुला झाला. सुमारे १,८०० फुटांची उंची, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ. अशा उतारावर गाडी सुटली तर काय, ही धास्ती बांधणाऱ्यांच्या मनात पहिल्यापासून होती. म्हणून त्यांनी उतरणीच्या मार्गाला जागोजागी चढाचे फाटे काढून ठेवले. गाडी काबूत नसेल तर ती या फाट्यावर जाऊन चढावर आपोआप थांबावी. काबूत आहे अशी खात्री पटली, तरच मुख्य मार्ग मोकळा करावयाचा. आजही मंकी हिलसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासण्यासाठी थांबतात. गाडी का थांबली म्हणून आपण खिडकीतून डोकावतो, पावसाळा असला तर धबधबा पाहतो, आणि वेळ गेला म्हणून कुरकुरतोही. पण ती थांबते ते पुढे थांबता येईल की नाही, एवढे पाहण्यासाठी.

याच आगगाडीच्या संदर्भात १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या दाबाचा ब्रेक काढला, आणि १८७२च्या सुमारास त्याने त्यात एक उलटी युक्ती योजली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक मोकळा. नळी फुटली, डबा सुटला, दाब गेला, की ब्रेक आपोआप आवळला जातो. म्हणजे यंत्र बिघडले तर गाडी थांबते. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण आपल्या दाराशी उभी असलेली मोटारसायकल नेमकी याच्या उलट स्वभावाची आहे. तिचा ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. ती चालतच राहते.

मोटारींच्या जगात विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन वाटा फुटल्या. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, आणि आतून त्याला टेकणाऱ्या दोन अर्धगोल पट्ट्या, ज्यांना आपले मिस्तरी 'शू' म्हणतात. (जुन्या बुटाचे नाते येथे पुन्हा निघाले, तो मात्र योगायोग.) त्याच १९०२ साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारे पॅड. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते असे काही किंचाळत की ती कल्पना पन्नास वर्षे मागे पडली. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीने चारी चाकांना द्रवाच्या दाबाचे ब्रेक दिले. पायाने दाबायचे तेल आणि चाकाशी आवळायचे शू. पुढे १९५३ साली ल मांच्या शर्यतीत जॅग्वार मोटारी डिस्क ब्रेक लावून धावल्या व जिंकल्या, आणि १९६९ साली जपानच्या होंडाने आपल्या साडेसातशे सी.सी.च्या मोटारसायकलला पुढच्या चाकाला द्रवदाबाचा डिस्क ब्रेक देऊन तो दुचाकीच्या बाजारात रूढ केला.

आपल्याकडे हे सारे सावकाशीने आले. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढल्या काही दशकांत गावोगावच्या लोकांची घाटाशी ओळख झाली ती एस.टी.च्या ड्रायव्हरच्या पायावर विश्वास ठेवून. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड बुलेट बांधली जाऊ लागली, १९६१ साली म्हैसुरात जावा, १९६२च्या सुमारास उत्तरेत राजदूत. या सर्वांना ड्रम ब्रेकच. आकुर्डीला स्कूटरी झाल्या, पुढे आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला मोटारसायकलींचा मोठा कारखाना आला, आणि २००१ साली पल्सर बाजारात आल्यानंतर पुढच्या चाकाला चकाकणारी तबकडी असलेली गाडी खेड्यातल्या तरुणालाही दिसू लागली. १ एप्रिल २०१९ पासून तर १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा कायद्यानेच सक्तीची झाली, आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडीने लागण्याची सोय.

कायदा नव्या गाड्यांना. आमच्या डोंगरात धावतात त्या बहुतेक जुन्या. कोणाची दहा वर्षांची, कोणाची वीस; कोणी पुण्याच्या पाहुण्याकडून घेतलेली, तर कोणाच्या तीन भावांत एक. हिरड्याचे पोते, दुधाचे कॅन, आजारी म्हातारी, परीक्षेला निघालेली मुलगी, सारे तिच्यावरूनच जाते. एके काळी या खोऱ्यात चाकाची वाट नव्हती. मग घोड नदीवर कुकडी प्रकल्पातले डिंभे धरण झाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगावच पाण्याखाली गेले, आणि काठाकाठाने, डोंगर फिरून जाणारे रस्ते आले. पाण्याने जवळची गावे लांब केली आणि मोटारसायकलीने ती पुन्हा जवळ आणली. म्हणून या गाडीच्या ब्रेकचा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नाही, घरचा आहे.

आता थोडे गणित करू. जुनी खोड आहे, वाचकांनी चालवून घ्यावे. गाडी दीडशे किलोची, वर बसलेली दोन माणसे व सामान मिळून दीडशे किलो. हे तीनशे किलो ओझे घाटाने तीनशे मीटर उंचीवरून खाली आले, असे धरू. चढताना पेट्रोलने जी शक्ती त्या ओझ्यात साठवली, ती उतरताना कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. ती भरते सुमारे पावणेनऊ लाख ज्यूल. म्हणजे जवळजवळ पावणेतीन लिटर गार पाण्याला आधण आणण्याइतकी उष्णता. वीसबावीस कप चहाचे पाणी! यातला काही भाग वारा घेतो, काही इंजिन घेते. उरलेला सारा त्या तळहाताएवढ्या ब्रेकला सोसावा लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून जो घाट उतरतो, तो पाच-दहा रुपयांचे पेट्रोल वाचवतो आणि इंजिनाचा वाटा ब्रेकच्या डोक्यावर लादतो. ब्रेक फार तापला की त्याची पकड सुटू लागते. आतले ब्रेक ऑईल जुने असेल, त्यात ओल शिरलेली असेल, तर ते उकळून त्याची वाफ होते, आणि मग दांडी हाताला स्पंजासारखी लागते व चाकाला काहीच कळत नाही. 'ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा,' हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला नसला तरी पदार्थविज्ञानाला धरूनच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या पुतण्याची गाडी ब्रेक लावताना करकरू लागली. वीसेक वर्षांपूर्वीची गाडी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. तो म्हणाला, "नाना, धूळ गेली असंल, धुतली की जाईल." मी त्याच्याबरोबर घोडेगावला मिस्तरीकडे गेलो, कारण शाळेत असताना हा मिस्तरी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असे, आणि त्याचे काम बघायला मला आवडते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, बॅटरीचा उजेड कॅलिपरच्या फटीत पाडला आणि म्हणाला, "गुरुजी, हे बघा. मधली खाच दिसती का? नाही ना? मग संपलं."

नव्या पॅडच्या अंगावर एक खाच असते. पॅड झिजत झिजत त्या खाचेच्या तळापर्यंत आला की त्याची नोकरी संपली असे समजावे. लोखंडी पाठीवरचा मसाला जेमतेम दीड मिलिमीटर उरला असेल तर आणखी वाट पाहू नये. कारण त्यानंतर पाठीचे लोखंड तबकडीला लागते, आणि शेकड्यांचे काम हजारांत जाते. मिस्तरीने हँडलजवळची ब्रेक ऑईलची डबीही दाखवली. पॅड झिजले की आतला दट्ट्या पुढे सरकतो आणि डबीतली पातळी तेवढी खाली जाते. म्हणजे तेल कमी दिसले तर नुसते ओतून मोकळे होऊ नये. ते कोठे गेले याची आधी चौकशी करावी. एक तर पॅड झिजले, नाहीतर कोठेतरी गळते आहे.

मग त्याने गाडी स्टँडवर घट्ट उभी केली, कॅलिपरचे दोन बोल्ट पान्याने सैल करून तो तबकडीवरून उतरवला, पण तेलाच्या नळीवर लोंबकळू दिला नाही. तारेने चिमट्याला बांधून ठेवला. पॅड अडकवलेली पिन काढली. जुने पॅड हातात घेऊन त्याने ते माझ्यापुढे धरले. एक जास्त झिजलेला, एक कमी. "हे असं असलं की सरकायच्या पिना सुकल्यात म्हणायचं. एकच पॅड सगळं काम ओढतोय. संसारातबी असंच, गुरुजी." त्याने पिना पुसून त्यांना ग्रीस लावले, पॅडच्या आणि तबकडीच्या तोंडाला मात्र बोटाचाही तेलकटपणा लागू दिला नाही. दट्ट्याभोवतीची घाण ब्रशने काढली आणि हळूहळू, डबीतून तेल वर येऊन सांडत नाही ना हे पाहत, तो मागे दाबला. हे तेल गाडीच्या रंगावर पडले तर रंग खाते, म्हणून टाकीवर ओले फडके टाकलेले होते. तबकडीची जाडी त्याने मोजून पाहिली. कमीत कमी किती चालेल तो आकडा तबकडीवरच कोरलेला असतो. पुतण्या म्हणाला, "एकच बदल की, दुसरा बरा दिसतोय." मिस्तरी हसला नाही. "पॅड जोडीनंच बदलायचे," एवढेच म्हणाला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी आली. सारे बोल्ट आवळून झाल्यावर पुतण्या किल्ली घेऊन गाडीवर बसणार, तोच मिस्तरीने त्याचा हात धरला. नवे पॅड घातल्यावर दट्ट्या मागे गेलेला असतो. पहिल्यांदा दांडी दाबली तर ती थेट हँडलला टेकते आणि ब्रेक मुळीच लागत नाही. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी दांडी पुन्हा पुन्हा दाबून ती कडक होऊ द्यावी लागते. त्याने ती दहाबारा वेळा दाबली, डबीतली पातळी पाहिली, गाडी हाताने ढकलून ब्रेक लागतो ते पाहिले आणि मग किल्ली दिली. "पहिले शंभर-दोनशे किलोमीटर एकदम जोरात दाबायचं नाही. नवे आहेत, तबकडीशी ओळख होऊ दे." एवढ्या सगळ्याला पाऊण तास लागला.

मागच्या ड्रमचे काम वेगळे. त्यात शू आणि त्यांवरचे लायनर आत दडलेले असतात. पण पायाने ब्रेक दाबला असता बाहेरच्या दांडीवरचा बाण खुणेच्या पलीकडे जाऊ लागला, किंवा दांडीचा नट आवळून आवळून संपत आला, की लायनर बदलायची वेळ झाली हे बाहेरूनच कळते. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकण्याची एक वाईट सवय सर्वत्र आहे. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस घालीत असत; त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वीसतीस वर्षांनी जीवघेणा आजार निर्माण करतात, आणि याच कारणाने ब्रिटनने १९९९ साली त्याचा वापर पूर्णपणे बंद केला. हाती आलेल्या लायनरात ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून फुंकू नये, हवेचा झोतही मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे, आणि पोरांना दूर उभे करावे. आमच्या मिस्तरीने हे शिकून घेतले आहे, याचा मला आनंद वाटला.

कोणी म्हणेल, एवढे जर सोपे, तर लोक करीत का नाहीत? मला याचे उत्तर पैशात सापडत नाही. पॅडची जोडी एखाद्या साडीपेक्षा किंवा फटाक्यांच्या पिशवीपेक्षा महाग नसते. उत्तर असे आहे की झिजणे दिसत नाही. टायर गुळगुळीत झाला तर शेजारीसुद्धा सांगतो. दिवा गेला तर रात्री कळते. ब्रेक मात्र रोज केसाएवढा कमी होतो आणि आपला हात रोज केसाएवढा जास्त दाबायला शिकतो. आपण त्याच्या दुबळेपणाला सरावतो. ज्या दिवशी वळणावर अचानक म्हैस आडवी येते, त्या दिवशी मात्र सरावाचा उपयोग होत नाही. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. म्हैस दिसल्यापासून हात दाबेपर्यंतच ते चौदा मीटर खर्च झालेले असतात. बाकीचे जे काही करायचे ते त्या दोन पॅडांनी करायचे. आणि गाडीवर मागे कोणीतरी बसलेले असते, बहुधा मांडीवर मूल घेऊन. तिने पॅड पाहिलेले नसतात. तिने फक्त चालवणाऱ्यावर विश्वास ठेवलेला असतो.

आणखी एक समजूत आमच्याकडे पक्की आहे. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, म्हणून तो लावूच नये! खरे पाहता गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते. त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेकलाच करता येते. खडी, वाळू किंवा ओला रस्ता असेल तेथे हात हलका ठेवावा, गाडी वळणात कललेली असताना हिसका देऊ नये, आणि एरवी दोन्ही ब्रेक जोडीने लावावेत. पुढचा ब्रेक वापरायचाच नाही म्हणून त्याच्याकडे वर्षानुवर्षे न पाहणारी माणसे मला माहीत आहेत.

आमच्या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. त्यांचा जन्म १९०८ साली याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा. पोट भरण्यासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या भागात परदेशी कापड वाहून नेणाऱ्या लॉरीपुढे आडवा झाला. लॉरी थांबली नाही. बावीस वर्षांचा तो मुलगा तेथे गेला. त्या दिवसाची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी येई. एक वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, लॉरीला ब्रेक नव्हता का?" वर्गातली पोरे हसली. मी हसलो नाही. ब्रेक असणारच. त्या मुलाने इतिहासाचा सर्वांत नेमका प्रश्न विचारला होता. सत्तेच्या गाडीला कोणी थांबवावे, कशाने थांबवावे, आणि थांबवायची कळ हाताशी असूनही ती का दाबली जात नाही, हे सारे त्या एका प्रश्नात होते. तो मुलगा म्हणजेच घोडेगावचा आमचा मिस्तरी. थांबण्याचा विचार त्याच्या डोक्यात लहानपणापासूनच होता, असे आता वाटते.

रांजणात जकात टाकून नाणेघाट चढणाऱ्या व्यापाऱ्याचा बैल स्वतःच थांबत असे. आगगाडीचा ब्रेक बिघडला की ती स्वतःच थांबते. मधल्या या आपल्या दुचाकीला मात्र बैलाचे शहाणपण नाही आणि आगगाडीची ती युक्तीही नाही. तिच्यासाठी हे दोन्ही माणसानेच पुरवायचे असते. वेळच्या वेळी वाकून पाहणे हे एक, आणि दाबायच्या वेळी दाबणे हे दुसरे. पहिल्यासाठी बॅटरीचा उजेड पुरतो. दुसऱ्यासाठी मन जागे लागते. त्याचे सुटे भाग कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

वाचकहो, यंदा पाडव्याला गाडीला हार घालाल तेव्हा तो घालण्यापूर्वी क्षणभर पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि पॅडवरची ती खाच शोधा. दिसली तर खुशाल हार घाला. दिसली नाही तर हार बाजूला ठेवून आधी मिस्तरीकडे जा. ओवाळायला ताट घेऊन बसलेली बहीण तासभर वाट पाहील. तिला त्याचे काही वाटणार नाही.